दुसरी होडी

ते चित्र घरात आलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो हा, की ही होडी चालवतंय कोण?

इंग्लंडातल्या लिमिंग्टनच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात आम्ही चौघं खरं तर कपाट बघायला गेलो होतो. बाहेर पाऊस, आत ओल्या कुत्र्याचा वास. कपाट किडलेलं निघालं, पण त्याच्या मागे भिंतीला टेकवून हे चित्र उभं होतं. जवळजवळ माझ्या खांद्याइतकं उंच, काळपट सोनेरी फ्रेम, तळाशी नावाची पट्टी उपटून काढल्याच्या दोन खुणा. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. माझे बाबा वर्ध्याकडचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो मेडिकलसाठी मुंबईला आले तेव्हा, आणि पोहायला त्यांना अखेरपर्यंत आलं नाही. तरी ते चित्र गाडीच्या टपावर बांधून, वरून आईचा रेनकोट पांघरून आम्ही घरी आणलं. आई ओल्या स्वेटरमध्ये कुडकुडत बसली होती.

चित्रात समुद्र होता, शिशाच्या रंगाचा, अगदी सपाट. मुका मार जुना झाला की कातडीला जो पिवळट-हिरवा रंग चढतो, तसलं आभाळ. मध्ये एक शिडाची होडी. शीड तपकिरी, वाऱ्याने गच्च फुगलेलं. होडीत एकच माणूस, पांढऱ्या कपड्यात, आपल्याकडे पाठ करून उभा. सुकाणूवर कोणी नाही. पुढच्या टोकाला एक कंदील, आणि आजूबाजूला उजेड असूनही तो पेटलेला.

आई हर्णैची. तिच्या मामांचे दोन मचवे होते, त्यामुळे होडीतलं तिला कळायचं. फायरप्लेसच्या वर चित्र लागल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढा वारा आहे तर पाण्यावर लाट कशी नाही? शीड फुगलंय इकडे आणि कंदिलाचा धूर चाललाय तिकडे. आणि हा बाबा सुकाणू सोडून पुढे काय बघत उभाय? अशी होडी खाडीच्या तोंडापर्यंत जायची नाही."

"अगं, ती खरी होडी थोडीच आहे," बाबा म्हणाले.

"मग खोट्या होडीसाठी भिंत कशाला अडवायची?"

पण भिंत अडली ती अडलीच.

आमचं घर साउथहॅम्प्टनला, पोर्ट्सवुडच्या वरच्या अंगाला होतं. धुकं पडलं की खालून बंदरातून जहाजांचे भोंगे ऐकू यायचे, लांबलचक, एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने उशिरा ओ द्यावी तसे. मी अजून याच गावात राहते. आता बंदरात येतात ती क्रूझची जहाजं कौन्सिलच्या उंच इमारतींएवढी असतात आणि त्यांचे भोंगे गाण्याच्या चालीवर वाजतात. नातवंडांना फार आवडतात. मला मात्र ते जुने भोंगेच समुद्राचे वाटतात. बाकी घरातले आवाज म्हणजे गॅस फायरची फुरफुर, कुकरची शिट्टी, आणि जिन्याखालच्या फोनची घंटा, जी वाजली की बाबा हातातला घास ठेवून उठायचे.

बाबा सर्जन होते. इथे सर्जन झालं की डॉक्टरचा परत मिस्टर होतो. वर्ध्याचे काका आमच्याकडे राहायला आले होते तेव्हा दारावर 'मिस्टर सबनीस' अशी कोणीतरी मारलेली हाक ऐकून बिचारे हळूच आईला विचारत होते, "वहिनी, याची डिग्री काढून घेतली का हो?" आई भूल देणारी डॉक्टर, त्याच हॉस्पिटलात, आठवड्यातले तीन दिवस. पण ती दोघं एका थिएटरमध्ये कधी उभी राहिली नाहीत. तो त्यांचा आपापसातला नियम होता. "घरी एका स्वयंपाकघरात दोन मतं असतात तेवढी पुरेत," आई म्हणायची. बाबांच्या हातांबद्दल मात्र ती कौतुकाने बोलायची. कांदा चिरताना त्यांच्याकडे बघ, म्हणायची. आणि खरंच, ते कांदा चिरायचे तेव्हा सुरीचा आवाज यायचा नाही.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि शाळेत आर्ट घेतलं होतं. आमच्या मिसेस ट्रेंट बाई उंच, पायघोळ स्कर्ट घालणाऱ्या, बोटांना कायम चारकोल. मी त्यांना घरच्या चित्राचं पेन्सिलने केलेलं स्केच दाखवलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, हे सिम्बॉलिस्ट लोकांचं काम दिसतंय. ते डोळ्यांना दिसतं ते काढत नसत, मनाला भासतं ते काढत. असल्या चित्रात वारा कुठला आणि लाट कुठे असं विचारायचं नसतं. तिथे ज्याला जे दिसतं ते त्याचं स्वतःचं असतं. मी घरी येऊन हे सगळं जेवणाच्या टेबलावर जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे चुकलं तरी विचारायची सोय नाही." बाबा मात्र एकदम खूश झाले. "बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हणाले. आणि मग वाटीतली जवसाची चटणी भातावर घेत सहज म्हणाले, "मला तिथे दुसरी होडी दिसते."

"कुठे?" मी आणि निखिल एकदमच म्हणालो. निखिल माझा भाऊ, आठ वर्षांचा.

"पहिलीच्या मागे. जरा वर, जरा डावीकडे. फिकट आहे. रोज नसते."

आम्ही दोघं जेवण टाकून बाहेरच्या खोलीत पळालो. चित्राला नाक लावून पाहिलं, लांबून पाहिलं, टेबल लॅम्प तिरका धरून पाहिलं. आभाळात ब्रशचे फराटे होते, पण होडी नव्हती. बाबा दारात उभे राहून हसत होते. "पोरांनो, शोधून नाही सापडायची. ती संध्याकाळी येते. सकाळी बघावं तर एकच असते."

त्या दिवसापासून तो घरातला एक खेळ झाला. बाबा हॉस्पिटलातून आले, बूट काढले, खुर्चीत बसले, की निखिल विचारायचा, "बाबा, दुसरा बोट आला?"

"आला नाही, आली," आई स्वयंपाकघरातून ओरडायची. आमच्या मराठीतल्या लिंगांवर तिचा कायम पहारा.

"आली का, बाबा?"

बाबा चित्राकडे बघायचे. कधी म्हणायचे, "नाही अजून." कधी म्हणायचे, "आली. आज बरीच जवळ आहे." हिवाळा जवळ येत चालला तसं 'आली' हे उत्तर वाढत गेलं. हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे गेली आणि शाळेतून येईपर्यंत दिवे लागायला लागले, तेव्हा तर ती रोजच यायला लागली. निखिलला आधी मजा वाटायची, मग वाटेनाशी झाली. एकदा त्याने विचारलं, "त्या बोटीत पण माणूस आहे?" बाबा म्हणाले, "आहे. तसाच, पाठमोरा." निखिल त्यानंतर संध्याकाळी बाहेरच्या खोलीत एकटा जाईना. टीव्ही तिथेच होता, तरी जाईना.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, घरात दोन-दोन डॉक्टर होते आणि सगळं आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. बाबांनी भाकरी सोडली. वर्ध्याचा माणूस, ज्याच्यासाठी आई लंडनजवळच्या हाउन्सलोहून ज्वारीचं पीठ आणायची, तो म्हणायला लागला की रात्री भातच बरा, मऊसर कर. आईला वाटलं तिच्या भाकऱ्या चिवट होतात. तिने पीठ बदललं, पाणी गरम घेऊन पाहिलं, तरी बाबा अर्ध्या भाकरीवर हात टेकवून, जबड्याला बोटं लावून बसायचे. झोपताना निखिलला गोष्ट वाचून दाखवायचे त्यांचा आवाज पहिल्या पानावर नेहमीचा असायचा आणि चौथ्या पानापर्यंत नाकातून यायला लागायचा, सर्दी झाल्यासारखा. आई व्हिक्सची बाटली आणून द्यायची. आणि त्यांचं हसणं. हे मला सांगतानासुद्धा नको वाटतं. बाबा मनापासून हसायचे, पण ओठांचे कोपरे वर जायचेच नाहीत. वरचा ओठ नुसता उचलला जायचा आणि दात दिसायचे. कोणावर गुरकावावं तसं. एका संध्याकाळी निखिल कसलातरी विनोद सांगत होता, बाबा हसले आणि निखिल मध्येच थांबला. "बाबा, रागावलात?" त्याने विचारलं. "नाही रे," बाबा म्हणाले आणि उठून बाथरूममध्ये गेले. बराच वेळ आरशासमोरचा दिवा चालू होता.

हाउन्सलोची फेरी आम्ही महिन्यातून एकदा करायचो. तिथे आईची मैत्रीण सुधामावशी राहायची, तिचे यजमान एअरपोर्टवर होते. दिवसभर तिच्याकडे जेवणखाण, मग दुकानं, आणि पोहे, पीठ, कढीलिंब, तिरफळं भरलेली गाडी घेऊन संध्याकाळी परत. अशाच एका फेरीत परतताना मोटरवेवर पाऊस लागला. आई पुढच्या सीटवर पेंगत होती, निखिल माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. गाडी फार हळू चालली होती. मागून लॉऱ्या हॉर्न देऊन, पाणी उडवत पुढे जात होत्या. मी सहज वरच्या आरशात पाहिलं. बाबांचा डावा डोळा मिटलेला होता. एका डोळ्याने ते रस्ता बघत होते आणि मान एका बाजूला कलली होती. मी टक लावून बघत राहिले. तो डोळा उघडला, गाडी एकदम डावीकडे गेली, खडखडाट झाला, आणि लगेच तो परत मिटला.

"काय झालं?" आई दचकून जागी झाली.

"काही नाही. खड्डा होता," बाबा म्हणाले. मग आरशात त्यांना मी दिसले. ते म्हणाले, "काय मनू, डोळा मारतोय तुला."

मी हसले. मला बरं वाटावं म्हणूनच ते म्हणाले होते, आणि मला बरं वाटून घ्यायचं होतं.

त्यानंतरचाच रविवार. आईने वर्ध्याकडचा, बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात केला होता, तो बाबांना लागतो म्हणून आणि मऊ असतो म्हणूनही. जेवणं झाली. दुपार कलंडायला लागली. बाहेर धुकं उतरलं होतं आणि खाली बंदरात भोंगे सुरू झाले होते. मिसेस ट्रेंटनी मला त्या चित्राचं मोठं ड्रॉइंग करायला सांगितलं होतं. मी गालिच्यावर बोर्ड घेऊन बसले होते. बाबा खुर्चीत, मांडीवर दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनबद्दलचं कसलंतरी पुस्तक. माझ्या मनात आलं की चित्रात बाबांची होडी पण काढावी. ज्याला जे दिसतं ते त्याचं, असं बाईच म्हणाल्या होत्या.

"बाबा, दुसरी होडी आली का?"

त्यांनी वर पाहिलं. "आली."

"नक्की कुठे? मला काढायचीय."

त्यांनी हवेत बोट धरलं. बोट थोडं हललं. "इथे. नाही, जरा खाली."

"असं नाही, मोजून सांगा. आम्हाला शिकवलंय. हात सरळ करायचा, पेन्सिल धरायची, एक डोळा मिटायचा. मग माप बरोबर येतं." मी माझी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

त्यांनी हात सरळ केला. माझं ऐकून, अगदी सवयीने, डावा डोळा मिटला. आणि म्हणाले, "आता नाहीये."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं. तिने ट्रे खाली ठेवला नाही, पुढेही आली नाही.

"निखिल, वर जा," ती म्हणाली.

"का?"

"वर जा."

निखिल गेला. मला जा म्हणाली नाही, बहुधा मी तिथे आहे हे तिच्या लक्षात नव्हतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि बाबांच्या समोर स्टूल ओढून बसली.

"डोळा उघडा. आता किती?"

"मालती, चहा दे आधी."

"किती होड्या, अहो?"

"दोन."

"आता दुसरा मिटा."

बाबांनी मिटला. "एक," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "मला माहीत आहे तू काय बघतेयस. तसं काही नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल."

आईने स्टूल आणखी जवळ ओढलं. तिचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, म्हणजे तिचा तो आवाज, जो ती पेशंटशी वापरत असणार. शांत, हळू, घाई नसलेला. "त्या डोलकाठीच्या टोकाकडे बघा. मान हलवायची नाही. नुसते डोळे वर. आणि बघत राहा."

"कशाला?"

"बघत राहा म्हटलं ना."

बाबांनी डोळे वर केले. आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मीही बघत होते. आधी काहीच झालं नाही. खाली धुक्यात एक भोंगा वाजला, पुन्हा वाजला. मग बाबांची डावी पापणी हलली आणि उतरायला लागली. झोप येते तशी नव्हे, कोणी वरून दोरी सोडावी तशी, थोडी थोडी. बाबा कपाळाला आठ्या घालून ती वर धरायला बघत होते, भुवई पार वर चढली होती, पण पापणी खालीच येत राहिली आणि बुबुळावर येऊन थांबली. मग उजवी. बाबा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी वर बघत होते आणि त्यांना वाटत होतं की आपण अजून बघतोय.

"पुरे," आई म्हणाली. तिने त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर तळवे ठेवले. "मिटा. विश्रांती द्या." थोड्या वेळाने तिने हात काढले, तर पापण्या जागच्या जागी. बाबांनी चित्राकडे पाहिलं. "एकच आहे आता," ते अगदी लहान आवाजात म्हणाले.

या आजाराचं नाव मायस्थेनिया. मला ते आईने पुढे समजावलं. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. स्नायू वापरला की थकतो, विश्रांती दिली की परत येतो, म्हणून सकाळी माणूस बरा असतो आणि संध्याकाळी नसतो. आधी डोळे, म्हणजे एकाचे दोन दिसतात, मग चावणं, बोलणं, गिळणं. आणि मग श्वास. भूल देणाऱ्या डॉक्टरांना या आजाराची फार धास्ती असते, कारण असा पेशंट टेबलावर आला आणि कोणाला माहीत नसेल तर तो परत श्वास घेत नाही. आईला तो पुस्तकातून पाठ होता. तिने तो आपल्या घरात सोडून सगळीकडे शोधला असता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

बाबांनी माझी पेन्सिल बोर्डावर परत ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं."

"सकाळी एकच दिसतं," बाबा म्हणाले. "मी सकाळी ऑपरेट करतो. माझे डोळे मला ठाऊक आहेत, मालती."

"आणि ऑपरेशनची लिस्ट लांबली तर? मध्येच ब्लीडिंग लागलं, दुपारचे तीन वाजले तर?"

"आजवर लागलं का?"

"उद्या काय आहे?"

"एक बाई आहे. मोठं आतडं. ती दोन महिने थांबलीय माझ्यासाठी."

"तुम्ही स्वतः फोन करून सांगा, उद्या येत नाही."

"आणि परवा? पुढच्या सोमवारी?" बाबा उभे राहिले. "हे एकदा सांगितलं की संपलं. मला परत सुरी कोणी हातात देणार नाही. तुला कळतंय ना तू काय म्हणतेयस ते?"

"कळतंय," आई म्हणाली.

"मग उद्याचं एक होऊ दे. एवढं एकच. मग मी स्वतः सांगतो. तुझी शपथ."

मला तेव्हा वाटलं, आई हो म्हणेल. माझ्या मनात बाबांचीच बाजू होती. एकच तर होतं. आई उठली, जिन्याखाली गेली आणि आम्हाला फोनची डायल फिरल्याचा आवाज आला. ती मिस्टर हॉब्जशी बोलली, बाबांचे सीनिअर. इंग्रजीत, बाबांचं नाव घेऊन, पेशंटशी बोलायच्या त्याच आवाजात. श्रीधरला बरं नाही. नाही, उद्या नाही. नाही, फ्लू नाही. मग तिने आजाराचं नाव सांगितलं. पलीकडून बराच वेळ कोणी बोललं नसावं, कारण आई दोनदा "हॅलो" म्हणाली.

बाबा खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, तळवे वर. गार झालेल्या चहावर साय धरली होती. आई परत आली तेव्हा ते म्हणाले, "माझ्याच घरातून फोन गेला." एवढंच. आणि त्यानंतर तिच्याशी बोलले नाहीत.

पुढचे दिवस मला आठवतात ते ताटांच्या आवाजाने. आई वाढायची, बाबा जेवायचे किंवा जेवायचे नाहीत, आणि जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. "आईला सांग, मी तपासणीला टॅक्सीने जाईन." "बाबांना सांग, मी सुट्टी काढलीय." ते टॅक्सीनेच गेले, आणि गोळ्या घेऊन आले. पण आजार गोळ्यांच्या पुढे धावत होता. एका संध्याकाळी बाबा साधं वरण पीत होते, त्यांना ठसका लागला, आणि वरण नाकातून बाहेर आलं. ते काही बोलायला गेले, पण शब्दच झाले नाहीत, नुसती हवा. त्यांनी आईकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ तिच्याकडे. आईने खुर्ची मागे ढकलली, त्यांच्या छातीवर हात ठेवला, श्वास मोजल्यासारखं केलं आणि मला म्हणाली, "मनू, नाइन नाइन नाइन फिरव. माझं नाव सांग, मी ॲनस्थेटिस्ट आहे सांग, आणि सांग की श्वास जातोय." अँब्युलन्स येईपर्यंत ती त्यांना मागून टेकू देऊन, कानाशी मराठीत सारखं काहीतरी बोलत होती. "मी आहे. घाबरायचं नाही. नाकातून घ्या. मी आहे ना."

बाबांना नळी घालून मशीनवर ठेवलं. ज्या खोलीत आई वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे श्वास सांभाळत आली होती, तिथे ती खुर्चीवर हात बांधून बसली आणि तिचा एक तरुण सहकारी तिच्या नवऱ्याचा श्वास सांभाळत राहिला. तिने कशालाही हात लावला नाही.

सांगायला हवं, बाबा वाचले. पुढे छातीतली एक गाठीसारखी ग्रंथी काढली, औषधं बसली, आणि ते म्हातारे होऊन गेले. सुरी मात्र परत हातात घेतली नाही. विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवायचे, आणि मुलं त्यांच्यावर खूश असत. ते चित्र त्यांनी हलवू दिलं नाही. उलट त्याचा उपयोग करून घेतला. संध्याकाळी समोर बसायचे आणि दुसरी होडी उगवायला लागली की उठून गोळी घ्यायचे. ते गेल्यावर चित्र निखिलने लीड्सला नेलं. त्याच्या घरात ते जिन्यात आहे, कारण त्याच्या बायकोला बसायच्या खोलीत नको होतं.

पण मला सांगायचा आहे तो त्या मशीनच्या दिवसांतला शनिवार. मी आईबरोबर हॉस्पिटलात होते. ती म्हणाली, चल, खाली जाऊन काही खाऊ. लिफ्टमध्ये तिने कँटीनचं बटण दाबलं नाही. मधल्याच एका मजल्यावर आम्ही उतरलो आणि ती सर्जरीच्या वॉर्डात शिरली. सिस्टरने तिला ओळखून मान हलवली. आईने फळ्यावरची नावं वाचली आणि खिडकीपाशीच्या एका खाटेजवळ जाऊन उभी राहिली. खाटेवर साठीची एक गोरी बाई उशांना टेकून बसली होती. समोर जेलीची वाटी, शेजारी विणकाम.

"आज कसं वाटतंय?" आईने इंग्रजीत विचारलं. अंगात साधा कार्डिगन होता, पण बाईला ती राउंडवरचीच डॉक्टर वाटली असावी.

"छान आहे, डिअर. आतड्याच्या ऑपरेशननंतर आता थोडं खायला पण लागलेय." मग तिने चमचा खाली ठेवला. "पण एक सांगू का? मला फार राग आला होता. दोन महिने मी मिस्टर सबनीसांसाठी थांबले, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सांगतात की दुसरेच करणार. ना कारण, ना काही. सगळे म्हणतात त्यांच्यासारखे हात या हॉस्पिटलात कोणाचे नाहीत."

आईने खाटेच्या पायथ्याची दांडी धरली.

"खरं आहे," ती म्हणाली. "कोणाचेच नाहीत."

"मग ते का नाही आले?"

"तुमची गैरसोय झाली," आई म्हणाली. "सॉरी."

बाई म्हणाली, असू दे, तुझा काय दोष त्यात, आणि विणकाम उचललं. आई तिच्या सुयांकडे थोडा वेळ बघत राहिली. मग आम्ही बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून एक रिकामी ट्रॉली उभी होती. आई तिच्यावर बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, माणसं जात-येत असताना, तोंडावर हात न घेता. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "जेली खातेय, पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हणाले.